ओळखीची पाच मिनिटं

माइकमधून नुसती खरखर येतेय, असं सांगायला कुणीतरी धावत आलं तेव्हा ताई खुर्चीवर उभी राहून भिंतीवरचं घड्याळ सरळ करत होती. माइकचं खालचं बटण आधी बंद करून मग चालू करा, असं तिने वरूनच सांगितलं. खरखर थांबली. थांबणारच होती. या सभागृहातला माइक, कुरकुरणारा पंखा, न लागणारी खिडकी, सगळ्यांची नस तिला ठाऊक होती.

विभागात तिला नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. विशीतली पोरं ताई म्हणत, ते ठीकच. पण निवृत्तीला टेकलेले हेडक्लार्कही तिला ताईच म्हणत. कागदोपत्री ती अजून संशोधक विद्यार्थिनी होती. मोठी काय करते, असं नातेवाइकांनी विचारलं की आई "शिकतेय" म्हणायची. चाळिशी उलटलेल्या मुलीबद्दल हे सांगताना आईचा आवाज खाली जायचा आणि धाकटी बहीण घाईघाईने दुसरा विषय काढायची.

ताईचा विषय होता गांडुळं. अवजड यंत्रांच्या चाकांखाली दबून जमीन दगडासारखी झाली की तिच्यात गांडुळं परत येतात का, आली तर कोणती आधी येतात, कुठून येतात. बहिणीचा नवरा थट्टेने विचारायचा, काय ताई, गांडुळं काय म्हणतात? ती म्हणायची, बोलत नाहीत, म्हणून तर त्यांच्याशी माझं जमतं.

सगळा घोळ झाला तो पहिल्याच वर्षी. सरांनी, म्हणजे तिच्या मार्गदर्शकांनी, एका चर्चासत्राचं काम तिच्यावर सोपवलं आणि तिने ते इतकं चोख केलं की तिथेच तिचं नशीब फुटलं. कामं बिघडवून ठेवणारी पोरं यथावकाश प्रबंध देऊन, पदव्या घेऊन मार्गी लागली. ताईकडे मात्र एकामागून एक कार्यक्रम येत गेले. दर महिन्याला सगळ्या संशोधकांना 'आगामी कार्यक्रम' म्हणून एक पत्रक जायचं. कुठे चर्चासत्र आहे, कुठे कार्यशाळा, कुठे चार मोठ्या लोकांशी ओळख होईल, सगळं त्यात असायचं. ते ताईच लिहायची. ते वाचून लोक कुठल्या कुठे पोचले आणि ही आपली चौकातल्या पाटीसारखी जागच्या जागी उभी.

सर वाईट असते तर सोपं झालं असतं हो. पण तिचे वडील दवाखान्यात होते तेव्हा हेच सर बाहेरच्या बाकावर तिच्याबरोबर बसून राहिले होते. नोंदणीची मुदत संपली तेव्हा स्वतः खेटे घालून त्यांनी ती वाढवून आणली होती. अशा माणसापुढे प्रकरणाचे कागद ठेवून, सर, प्रबंधाचं एवढं वाचा ना, असं किती वेळा म्हणणार? ते म्हणायचे, "बघू हो, आधी हे चर्चासत्र तर पार पडू दे." एक पार पडायचं आणि दुसरं दारात उभं असायचं.

आता मात्र मुदत वाढणार नव्हती. कार्यालयाने तसं स्पष्ट कळवलं होतं. सरांनी त्यावरही तोड काढली होती आणि ती सांगताना त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. तुमच्यासाठी पदच करून घेतो, कार्यक्रम समन्वयक, कायमचं. प्रबंधाची कटकट नको आणि काही नको. ताईने आभार मानले. मग जिन्यात जाऊन ती बराच वेळ कठडा धरून उभी राहिली.

म्हणून आजचा दिवस महत्त्वाचा होता. सरांनी या वेळी बाहेरून 'नेटवर्किंग' नावाचं नवं खूळ आणलं होतं. पाच टेबलं, पाच पाहुणे. प्रत्येक संशोधकाने एकेका पाहुण्यासमोर पाच मिनिटं बसायचं, आपलं काम सांगायचं, घंटा वाजली की उठून पुढच्या टेबलावर जायचं. घंटा कोण वाजवणार, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. पण ताईने वेळापत्रक करताना एक गोष्ट केली, जी इतक्या वर्षांत कधी केली नव्हती. शेवटच्या फेरीत, तिसऱ्या टेबलावर, तिने स्वतःला बसवलं.

तिसऱ्या टेबलावर पाहुण्या मॅडम होत्या. मातीतल्या जिवांवर काम करणारी त्यांची प्रयोगशाळा दूरच्या शहरात होती, तिथे एक जागा रिकामी होती, आणि दुसरीकडे अडकून पडलेला प्रबंधही त्या आपल्याकडे पुरा करून घेतात, असं ताईला पक्कं कळलं होतं. ती जागा मिळाली तर सुटका. नाहीतर समन्वयक, कायमची.

सरांनी वेळापत्रकावर नजर फिरवली आणि भुवया उंचावल्या. ताईने सांगितलं, बसल्या बसल्याही घंटा वाजवता येईल. "बसा की," सर हसून म्हणाले, "घर तुमचंच आहे." आणि ते अगदी मनापासून म्हणाले होते.

फेऱ्या सुरू झाल्या. सुरुवातीला बरीच तारांबळ उडाली. एक जण घंटा वाजली तरी उठेना, पाहुण्यांनीच त्याला हाताला धरून उठवलं. दुसरा पाचही मिनिटं आपल्या मार्गदर्शकांची ओळख करून देत बसला. पण ताईची घंटा इतकी काटेकोर वाजत होती की लोकांनी घड्याळाकडे बघणंच सोडून दिलं. दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी पाण्याच्या टेबलाजवळ येऊन कुजबुजली, तिसऱ्या टेबलावर मी काय बोलू? ताई म्हणाली, स्वतःबद्दल बोलू नकोस, मातीबद्दल बोल. मुलगी गेली आणि मातीबद्दल बोलली. मॅडमनी तिचं नाव लिहून घेतलेलं ताईला लांबून दिसलं.

मग शेवटची फेरी आली. ताईने घंटा वाजवली आणि ती हातात तशीच धरून मॅडमसमोर जाऊन बसली. जवळून पाहिलं तर मॅडमच्या नखांच्या कडांत माती होती. ते बघून ताईला एकदम धीर आला. नाव सांगण्यात वेळ न दवडता ती सरळ गांडुळांवर गेली. तिला वाटलं होतं खोल बिळं करणारी मोठी आधी परततील. पण आली ती लहान, वरच्या थरातली, आणि तीही कडेकडेने, चाकांच्या खुणा चुकवत. बोलता बोलता तिचा आवाज बदलला. सूचना देणारा आवाज जाऊन जुना, पहिल्या वर्षाचा आवाज आला. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"हे असं कुणी सलग पाहिलेलं माझ्या माहितीत नाही," त्या म्हणाल्या. "किती वर्षं पाहिलंत?"

"चार, मॅडम."

"आणि आता काय स्थिती आहे? शेवटचं कधी खणलंत?"

किती साधा प्रश्न. कुणीही कुणालाही विचारावा असा.

तिची प्रयोगाची जमीन विभागाच्या मागेच होती. तीन वर्षांपूर्वी मोठी परिषद भरली तेव्हा पाहुण्यांच्या गाड्या लावायला जागा पुरेना. सरांनी नुसतं विचारलं होतं, ताई, मागे आपली ती जागा आहे ना? तिथे गाड्या लावा असं त्यांनी म्हटलं नव्हतं. प्रयोगाच्या आखणीच्या खुंट्या ताईने स्वतःच्या हाताने उपटल्या, चुन्याच्या रेघाही तिनेच मारल्या, आणि गाड्या फार सुरेख, रांगेत लागल्या. आठवड्यापुरतंच होतं ते. मग पुढचा कार्यक्रम आला आणि गाड्या तिथेच लागत राहिल्या. एकदाही ती नाही म्हणाली नव्हती. म्हटलं असतं तर सरांनी ऐकलंही असतं कदाचित, आणि हेच तिला सगळ्यात असह्य होत होतं.

शेजारच्या टेबलाजवळ सर पाठमोरे उभे राहून कुणाशी तरी हसत होते. हाकेच्या अंतरावर कसले, हात लांबवला तर लागतील इतके जवळ. काय सांगणार ती? सरांनी माझी जमीन घेतली म्हणून? ते खोटं होतं. मी दिली म्हणून? मग तिला संशोधक कोण म्हणणार? मॅडम वाट बघत होत्या, शांतपणे, घाई न करता. त्या शांतपणाचीच तिला भीती वाटली. घड्याळात अजून भरपूर वेळ होता.

ताईने घंटा वाजवली.

कुणी वर बघितलं नाही. ताईची घंटा म्हणजे वेळ झाली, एवढंच सगळ्यांना ठाऊक. खुर्च्या सरकल्या, अर्धी वाक्यं तशीच टाकून माणसं उठली, सरांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग ताईकडे पाहिलं, आणि पेन उचलून पर्समध्ये टाकलं.

चहाच्या वेळी सरांनी आभार मानले. कार्यक्रम इतका वेळेत संपला याचं सगळं श्रेय ताईंचं, ते म्हणाले, आणि सभागृहभर टाळ्या पडल्या. दुसऱ्या वर्षाची मुलगी येऊन गळ्यातच पडली. मॅडमनी उद्या फोन करायला सांगितलं होतं, जागेचं जवळजवळ नक्की होतं. ताईला आनंद झाला. खोटं कशाला सांगा, थोडा हेवाही वाटला. तिने मुलीच्या पाठीवरून हात फिरवला आणि कोणकोणती कागदपत्रं बरोबर ठेवायची ते सांगितलं.

पाहुण्यांना निरोप द्यायचं कामही तिचंच. मॅडमची बॅग घेऊन ती त्यांच्याबरोबर मागच्या बाजूला आली. उन्हं उतरली होती. गाड्या ओळीने उभ्या होत्या आणि मॅडमची सगळ्यात आत अडकली होती. ड्रायव्हरने दार उघडलं. मॅडम बसल्या नाहीत.

"घंटा लवकर वाजवलीत तुम्ही."

"हो, मॅडम."

"का?"

ताईने बॅग सीटवर ठेवली. आता इथे सर नव्हते, घड्याळ नव्हतं. "तीन वर्षं झाली खणून," ती म्हणाली. "ती जमीन ही. आपण उभ्या आहोत ती. गाड्या मीच लावल्या इथे."

मॅडमनी खाली पाहिलं. बुटाच्या टोकाने त्यांनी जमीन जराशी उकरून पाहिली. उकरली गेली नाही. ताईच्या दंडावर त्यांनी क्षणभर हात ठेवला आणि त्या गाडीत बसल्या.

ड्रायव्हरला मागचं दिसत नव्हतं. त्याने काच खाली करून मान बाहेर काढली. ताई गाडीच्या मागे गेली, पदर खोचला आणि दोन्ही हात वर केले.

"येऊ द्या," ती म्हणाली. "येऊ द्या, भरपूर जागा आहे. अजून येऊ द्या."