पहिल्या फळाचं बी

“अक्का, फळाला मस्त रंग आलाय, पण बाबा तोडूच देत नाहीयेत. म्हणतात, ज्यांनी बी वाढवलं त्या आधी येऊ देत. रविवारी तुम्ही याच, प्लीज.”

मैत्रेयीचा हा निरोप हेमलताअक्कांनी पुन्हा एकदा ऐकला आणि फोन ओट्यावर पालथा ठेवला. खरं तर खुशीची बातमी होती.

जे. पी. नगरच्या त्यांच्या गच्चीला ओळखीतले लोक टोमॅटोचं माहेर म्हणत. सरकारी कारखान्याच्या तपासणी विभागात त्यांची उभी हयात गेली. केसाएवढा फरक असला तरी सुट्या भागावर लाल रंगाची रेघ मारून तो परत पाठवायचा, भले साहेब समोर उभा असो. निवृत्तीनंतर तीच नजर टोमॅटोवर लागली. बी अदलाबदलीच्या गटात कुणी फोटो टाकायचा अवकाश, पानाची कड न् फळाचा देठाजवळचा खांदा बघून अक्का जात सांगून मोकळ्या. त्यांचं उत्तर आलं की पुढे कुणी बोलत नसे. याचा त्यांना गर्वही होता, उगाच ‘नाही’ कशाला म्हणा.

मैत्रेयी त्या गटात आली ती सासऱ्यांचं बी घेऊन. पद्माकरराव नागपूरचे. आयटीआयमध्ये वायरमनचं काम शिकवून निवृत्त झालेला साधा माणूस. घरामागच्या वाफ्यात त्यांनी वर्षानुवर्षं एक टोमॅटो जपला होता. बायको गेली, घर विकलं, आणि मुलगा शंतनु त्यांना याच शहरात बेळ्ळंदूरला उंचावरच्या फ्लॅटमध्ये घेऊन आला. येताना त्यांच्या खिशात होतं नव्हतं ते सगळं बी, एका चिमटीत मावेल एवढं. बाल्कनीत ऊन नाही, म्हणून सुनेने ते अक्कांकडे सोपवलं. रोप वाढवायचं आणि त्याचं शुद्ध बी मालकाला परत करायचं, हा गटाचा रिवाज.

सगळी गोम त्या ‘शुद्ध’ शब्दात होती. शेजारी दुसरी जात लावली असेल तर फुलं उमलायच्या आत गुच्छाला मलमलीची पिशवी बांधावी लागते. नाहीतर मधमाश्या इकडचा पराग तिकडे नेतात आणि बी भेसळीचं होतं. अक्कांनी पिशव्या बांधल्या होत्या हो. पण एके दिवशी त्या रोपाची रुंद पानं बघून त्यांनी मनाशी निकाल देऊन टाकला: ही तर ओळखीची जात, कुणाकडेही मिळेल. आणि त्याच पिशव्या सोडून त्यांनी शेजारच्या काळ्या विलायती टोमॅटोला बांधल्या. त्याचं गटात फार कौतुक चाललं होतं.

फळ पिकलं तेव्हा डोळे उघडले. चपटं, भोपळ्यासारख्या फाका पाडलेलं, लाल नव्हे तर सरळ गुलाबी. आत गर भरलेला, बिया मोजक्या. त्यांनी एक फाक चाखली. असा टोमॅटो त्यांनी जन्मात खाल्ला नव्हता. पार म्हैसूर-धारवाडपर्यंत विचारणा केली, कुणालाच ठाऊक नव्हता. तोवर मर रोगाने झाड वाळून गेलं होतं.

फळ अस्सल होतं, आतल्या बियांची खात्री नव्हती. तरी आता घरच्याच बाल्कनीत लावून बघू म्हणून मैत्रेयीने मागितलं तेव्हा अक्कांनी ते बी देऊन टाकलं, पिशव्या सोडल्याचं न सांगता. उरलेलं स्वतः पेरलं, एखादं तरी रोप खरं निघेल म्हणून. एकही निघालं नाही. सगळी फळं लालभडक, खांद्याशी काळपट. फोन करून सांगायला हवं होतं. आज सांगू, उद्या सांगू करत त्यांनी ते ढकललं, स्वतःचीच लाज वाटून.

रविवारी त्या निघाल्या. रिक्षा सिल्क बोर्डच्या चौकात गर्दीत अडकली तेव्हा मनात वाक्यं जुळवली. आज सांगायचंच. शेजारची अनुषा कानडीत नेहमी म्हणते तसं, सरी, ठीक, जे होईल ते होईल.

पद्माकरराव बाल्कनीत खुर्ची टाकून बसले होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, जणू पाहुणे मुलगी बघायला यायचे होते. कुंडीत काठीला बांधलेलं उंच, किरकोळ झाड आणि त्यावर एकुलतं एक फळ. लाल. खांद्याशी काळपट झाक. अक्कांना दारातूनच कळलं.

“या न ताई. तुमच्यासाठीच थांबवलं होतं,” ते म्हणाले आणि आपल्या हातानं फळ तोडलं.

मैत्रेयीच्या उत्साहाला पार नव्हता. लग्न झाल्यापासून ती या टोमॅटोची कीर्तनं ऐकत होती, खाल्ला मात्र कधी नव्हता. तिने अक्कांना सांगितलं की नागपूरला पहिलं फळ कापायचा मान बाबांचाच असे, आणि कुणी तोंड लावायच्या आधी ते त्यातलं बी वाटीत काढून ठेवत. सासूबाई चिडायच्या, सार बाजूलाच राहतं म्हणून. त्या पहिल्या फळाच्या बियांवरच पुढचं वर्ष चालायचं. आज तिने तीच वाटी धुऊन-पुसून समोर मांडली होती.

“पण बाबा, तुम्ही तर गुलाबी म्हणायचात,” ती फळ न्याहाळत म्हणाली.

अक्कांनी तोंड उघडलं. “मैत्रेयी, थांब. मला स्वल्प बोलायचंय. ते बी...”

“उन्हात गुलाबी होते,” पद्माकरराव मध्येच बोलले. आवाज शांत होता. “बाल्कनीत लाल. इथं ऊन नाही भेटत न.”

असं कुठल्याही टोमॅटोचं होत नाही. अक्कांना हे ठाऊक होतं, आणि पद्माकररावांनाही. त्यांनी अक्कांकडे एकदाच पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. हातभर अंतरावर बसलेल्या सुनेकडे डोळ्यांनी खुणावून त्यांनी ‘नको’ म्हणून बारीकशी मान हलवली, आणि अक्का काय ते समजल्या. परक्या गावी या पोरीने त्यांच्यासाठी एवढा जीव टाकला होता. तिचा आनंद त्यांना मोडायचा नव्हता.

त्यांनी फळ कापलं. आत पाणी आणि बियाच बिया. एक फोड सुनेला दिली, एक अक्कांना. उरलेलं स्वतः खाल्लं, सावकाश, रस बशीला तोंड लावून पिऊन.

“हाच,” ते म्हणाले. “हाच तो.”

अक्कांनी आपली फोड चाखली. चव भाजीच्या गाडीवरच्या टोमॅटोची होती.

“अहो बाबा!” मैत्रेयीचं लक्ष वाटीकडे गेलं. “बी काढलंच नाहीत तुम्ही! सगळं खाऊन टाकलंत?”

“विसरलो गं,” ते ओशाळं हसले. “वय झालं आता.”

आयुष्यभर जे कधी विसरले नाहीत ते. अक्कांना वाटलं, आत्ताच्या आत्ता ओरडून सांगावं की हा माणूस काही विसरलेला नाही, हे बी त्याला पुढे न्यायचंच नव्हतं. पण त्यांनी मनाई केली होती, आणि ती मोडायचाही अधिकार आपल्याला उरला नाही असं अक्कांना वाटलं.

मैत्रेयी मात्र हार मानणारी नव्हती. तिने बशी खिडकीशी नेऊन तिरकी धरली आणि कडेला चिकटलेलं एक बी नखानं अलगद उचललं. ते कागदी रुमालावर ठेवून ती अक्कांसमोर आली.

“वाचलं एक! अक्का, तुम्हीच लावा हे. तुमच्याकडे सेफ राहील.”

पद्माकरराव बाहेर, खाली दिसणाऱ्या तळ्याच्या दिशेला बघत होते. त्यांनी मान वळवली नाही. अक्कांनी हात पुढे केला आणि तो रुमाल घेतला, चारी कोपरे नीट दुमडले, आणि आत काही मोलाचं असावं तसा पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला.