लक्क्यांच्या घराण्यातलं राखाडी पिल्लू

आमच्या ह्यांना माणसांपेक्षा कबुतरांच्या घराण्याचा अभिमान जास्त. गच्चीवर मोठा पिंजरा, आत जाळ्या लावून केलेले तीन खण. एकात मोरासारखी शेपटी फुलवणारे पांढरेशुभ्र लक्के, दुसऱ्यात तोकड्या चोचीचे काळेभोर, तिसऱ्यात हवेत कोलांट्या मारणारे तांबडे. रक्तात भेसळ नको, हा ह्यांचा बाणा. तोच नियम लेकीलाही. ती शाळेत जीवशास्त्र शिकवते आणि तिला लग्न करायचंय लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मुलाशी. मला मुलगा पसंत, पण ह्यांचं एकच पालुपद: "घराणं बघावं लागतं!"

लेकीने परोपरीने समजावलं. "बाबा, दीडशे वर्षांपूर्वी एका शास्त्रज्ञाने कबुतरं पाळूनच दाखवलं, या सगळ्या जातींचा पूर्वज एकच. कड्यावर राहणारं साधं राखाडी कबूतर. तेव्हापासून लोक माणसाच्या घराण्याकडेही वेगळ्या नजरेने बघायला लागले."

"तुझ्या त्या दाढीवाल्या शास्त्रज्ञाला माझे लक्के दाखव आधी."

भाऊजी, म्हणजे माझे देवभक्त दीर, त्यांनीही री ओढली, "देवाने प्रत्येक जात वेगळी घडवलीय, पोरी."

पुढे ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि वर्षभर जिना बंद झाला. कबुतरांचं दाणापाणी भाऊजींकडे आलं. परवा हे काठी टेकत वर गेले आणि असे ओरडले, की आम्ही सगळे हातातलं टाकून धावलो. मधल्या जाळ्या गायब!

"झाडताना अडचण व्हायची," भाऊजी म्हणाले. "आणि बिचाऱ्यांना कशाला कोंडायचं?"

वर्षभरात पिल्लं झाली होती, पिल्लांनाही पिल्लं झाली होती. काही ठिपक्यांची, काही मळकट. आणि कोपऱ्यात एक चक्क निळसर राखाडी, पंखांवर दोन काळे पट्टे. समोरच्या छज्ज्यावर बसतात ना, हुबेहूब तसलं.

"हे बाहेरून घुसलंय!" ह्यांनी बाहेरची जाळी बोटांनी चाचपत अख्खा पिंजरा पालथा घातला. कुठेही भोक नव्हतं. मग हे मटकन खाली बसले. खरं सांगते, मला हसूही आलं आणि कीवही आली.

लेकीने पिल्लू अलगद ह्यांच्या ओंजळीत ठेवलं. "बाबा, जाती मिसळल्या की मूळ रंग परत येतो. तुमच्या तिन्ही घराण्यांचे मूळपुरुष आलेत भेटायला."

भाऊजींनी पिल्लाकडे बघत हात जोडले. "म्हणजे एकच घडवलं, आणि त्यातून एवढे प्रकार? मला वाटायचं त्यापेक्षा देव बराच हुशार निघाला."

हे पिल्लाच्या पाठीवरून अंगठा फिरवत बसले. पिल्लाने ह्यांचं बोट दाणा समजून टोचलं, तेव्हा कुठे गालात हसले.

"जाळ्या पुन्हा बसवायच्या," हे शेवटी गुरगुरले. लेकीचा चेहरा पडला.

"रविवारी बोलाव त्या लिफ्टवाल्याला. पान्हे, पक्कड घेऊन ये म्हणावं." ह्यांनी नजर पिल्लावरून हलवली नाही. "बाहेरच्या माणसाला मी माझ्या कबुतरांना हात लावू देत नाही. घरातलाच हवा."