खिळ्यावरची टोपी

या, असे जवळ सरकून बसा. आभाळातून उडी घेणाऱ्यांची गोष्ट सांगतो, पण ती घडली जमिनीवर, एका लांबलचक टेबलापाशी.

छत्रीसैनिकांच्या तळावर पॅराशूटच्या घड्या घालणारे एक मामा होते. सख्खा भाचा एकच, पण सगळा तळ त्यांना मामाच म्हणे. कापड असं सुळसुळीत की झुळकेनंही घडी मोडायची. म्हणून प्रत्येक घडीवर वाळूची छोटी पिशवी ठेवायची आणि छत्री बांधून टाकण्याआधी आठवणीनं काढून घ्यायची. काम संपलं की पिशव्या भिंतीवर, एका खिळ्याला एक. खिळा रिकामा दिसला तर एकही छत्री दाराबाहेर जात नसे. जुन्या जाणत्यांची रीत ती, उगाच पडलेली नव्हे.

त्या संध्याकाळी भाचा आला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या तुकडीची शिकाऊपणातली शेवटची उडी, मग छातीवर छत्रीसैनिकाचा बिल्ला.

"मामा, आई म्हणते, मामाच्या हातची छत्री असेल तरच उडी मार."

"तुझी आई माझ्या हातचा चहा पीत नाही, आणि छत्री चालते होय?"

"चहा बिघडला तर माणूस मरत नाही ना."

दोघं हसले. हसता हसता भाच्यानं टोपी काढून भिंतीला अडकवली. "राहू दे इथंच. उद्या बिल्ला लावून न्यायला येतो."

मामांनी रीतीप्रमाणे भिंतीवरून नजर फिरवली. एकही खिळा उघडा नव्हता. छत्र्या गाडीत चढल्या.

सकाळी कामावर येताच मामांनी टोपी झटकायला उचलली. खाली नुसता खिळा.

टेबलाखाली पाहिलं, कोपरे धुंडाळले. हात शोधत होते, पण मनाला कधीच कळून चुकलं होतं. मामा धापा टाकत साहेबांच्या खोलीत शिरले.

"साहेब, उड्या थांबवा. एका छत्रीत वाळूची पिशवी राहिलीय."

"कोणत्या?"

"ते नाही सांगता येत. सगळ्याच थांबवा."

साहेबांनी फोन उचलला. पलीकडचं ऐकता ऐकता त्यांनी मामांकडे पाहायचं सोडलं.

"झाल्या उड्या, मामा."

"उघडल्या ना सगळ्या?"

"एक नाही उघडली नीट. पोटावरची राखीव छत्री उघडायला उंची उरली नव्हती." साहेबांनी फोन खाली ठेवला. "तुमचा भाचा सुखरूप आहे."

मामांचे हात आपसूक जोडले गेले. 'देवा, राखलंस रे,' ओठांवर आलं आणि तिथंच थिजलं. राखलं एकाला. नेलं कुणाला? हात जोडलेलेच राहिले. त्यांना ते कपाळालाही नेववेनात, सोडवेनातही.

टोपी अजून त्याच खिळ्यावर आहे. भाचा न्यायला आला नाही, मामांनी ती पुन्हा काढली नाही.

देवापुढे बसाल तेव्हा भाच्यासाठी काही मागू नका, बाबांनो. त्याला मामा आहे. त्या दुसऱ्याची आठवण काढा. त्यालाही घरी कुणी मामा असेलच.