बाळाजीपंतांच्या मिशा

काशीतल्या दुर्गाघाटाच्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली की एकाने भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, अशी तिथली रीत आहे. त्या मंगळवारी गल्लीत दोनेकशे माणसं होती आणि पाठ लावायला भिंतच शिल्लक नव्हती. मागून एक सांड शिरला आणि दारासमोर अडकून बसला. त्यालाही दर्शन मिळणार असं दिसत होतं.

दर्शन होतं चष्मेवाल्या बाबांचं. महिन्यापूर्वी ते रामनगरहून नावेत बसून आले, एक अंधारी खोली धरली आणि जाड काळ्या काड्यांचा चष्मा लावून लोकांचे पूर्वज पाहू लागले. नाशिकच्या एका यात्रेकरूला त्यांनी खापरपणजोबांचं नाव सांगितलं, ते काशीला कोणत्या साली आले तेही सांगितलं. तो बिचारा तिथेच हुंदके देऊन रडला. तेव्हापासून गल्लीला श्वास घ्यायला जागा नव्हती.

गर्दीत बकुळ होती. दहावीतली. गेल्याच आठवड्यात शाळेच्या वादविवादात ती पहिली आली होती आणि तेव्हापासून तिला गप्प बसणं जमेनासं झालं होतं. तिच्या हाताला धरून उभी होती इंदूआत्या. इंदूआत्या टकळीवर सूत कातून जानवी करायची. अख्ख्या ब्रह्मा घाटाच्या खांद्यावर तिचंच सूत. आता तिच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू होता. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "गेलेली नजर परत येणार नाही. उरलेली वाचवता येईल, पण उशीर नको." ऑपरेशन गुरुवारी होतं. आणि आत्याचं म्हणणं, बाबा हो म्हणाले तरच जायचं.

"आत्या, दारावरची पाटी वाच."

"मला दिसत असतं तर इथे कशाला आले असते? तूच वाच."

बकुळने वाचली. बाबांना उन्हात दर्शन देता येत नाही, सूर्यदेवांपुढे दिव्यदृष्टी नम्र होते. नाव, गोत्र, गाव तीनदा सांगावं, मोठ्याने आणि सावकाश. त्या वेळी बाकीच्यांनी आवाज करू नये. दर तासाने बाबा समाधीत जातात, तेव्हा चष्मा चंदनाच्या पेटीत विश्रांती घेतो.

वाचता वाचता तिचा वेग कमी झाला. हे सगळं तिने कुठेतरी ऐकलं होतं. सहा महिने ती अप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, मागे लागली होती की मला काचेवर अक्षरं दाखवणारा स्मार्ट चष्मा हवा. त्या चष्म्यांचे झाडून सगळे व्हिडिओ तिने पाहिले होते आणि लोकांच्या तक्रारी तिला पाढ्यांसारख्या पाठ होत्या. उन्हात अक्षरं दिसत नाहीत. गोंगाटात बोललेलं कळत नाही. बॅटरी तासाभरात मान टाकते, मग डबीत ठेवून चार्ज करत बसा.

"आत्या, हे बाबांचे नियम नाहीत. या गिऱ्हाइकांच्या तक्रारी आहेत."

"तुला तो चष्मा हवाय ना, म्हणून तुला सगळीकडे तोच दिसतो."

आत नंबर लागला. अप्पाही मागून आले. त्यांचं नाव उल्हास, घराण्याचे तीर्थोपाध्ये. महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांच्या वंशावळी त्यांच्या वह्यांमध्ये पिढ्यानपिढ्या लिहिलेल्या होत्या. वही न उघडता कुणी वंशावळ सांगतो म्हटल्यावर तेही हात जोडून उभे होते.

आत्याने नाव, गोत्र, गाव तीनदा सांगितलं. बाबांनी चष्म्याच्या काडीवर बोट फिरवलं. त्यांची बुबुळं डावीकडून उजवीकडे गेली, परत डावीकडे आली.

"धुकं आहे, माई. हटतंय. वडील दिनानाथ. त्यांचे वडील काशीनाथ. ठीक?"

"ठीक," आत्या पुटपुटली.

"आणि हा कोण? दिनानाथांचा आणखी एक मुलगा. बाळाजीपंत. प्यासा आहे बिचारा. तोच तुझ्या डोळ्यांवर बसलाय. सुरी लागली तर बिगडेल. ऑपरेशन बिलकुल नाही."

अप्पा म्हणाले, "आम्हाला भाऊ नव्हता, महाराज."

"घरातून लपवलं असेल."

आत्याचा चेहरा उतरला. "आईने मरेपर्यंत सांगितलं नाही रे, उल्हास. मी नाही जात गुरुवारी."

बाळाजीपंत हे नाव ऐकून बकुळला हसू येऊ लागलं. तिने ओठ दाबले, खोलीतल्या घड्याळाकडे पाहिलं, तास भरत आला होता, आणि हात जोडले.

"बाबा, बाळाजीकाका दिसायला कसे आहेत हो?"

"गोरे. घारे डोळे." ब्रह्मा घाटावरच्या मराठी घरांत हे उत्तर सहसा चुकत नाही.

"मिशा?"

"भरघोस."

"दोन्ही बाजूंना?"

"मिशा दोन्ही बाजूंनाच असतात, बिटिया."

"आणि गेले कशाने?"

"पाण्यात बुडून."

"पण ते पाण्याच्या जवळही जात नसत."

"म्हणून तर पोहता आलं नाही."

"खायला काय आवडायचं?"

"दूधभात."

"हे मात्र अगदी बरोबर," बकुळ म्हणाली आणि पुढचा प्रश्न विचारला, मग त्याच्या पुढचा. दाढीवाला शिष्य पेटी घेऊन दोनदा पुढे आला. "समाधीची वेळ झाली," तो कुजबुजला. बकुळ मध्ये उभी. "एकच विचारते, माझे काकाच आहेत ना ते."

तेवढ्यात, सगळे शांत असताना, बाबांच्या उजव्या कानामागून एक बाई गोड आवाजात बोलली, "बॅटरी लो. प्लीज चार्ज युअर ग्लासेस."

"ही कोण बोलली?" आत्याने विचारलं.

"देवी," बाबा म्हणाले.

"इंग्रजीत?" बकुळ म्हणाली.

"देवीला सगळ्या भाषा येतात."

"मग तिला चार्जर कशाला लागतो?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. बाबांनी डोळे मिटले, शिष्याने पेटी काखेत मारली आणि दाराकडे धाव घेतली. दारात सांड होता. सांडाने कान हलवले, बाकी काही हलवलं नाही.

अप्पांनी त्या दाढीकडे आता कुठे नीट पाहिलं. "अरे, तूच ना तो? वह्या जतन करायच्या म्हणून चैत्रात फोटो काढून घेऊन गेलास?"

शिष्य सांडाकडे पाहत राहिला. बकुळने त्याच्या हातातली पेटी घेतली, बाबांच्या नाकावरचा चष्मा काढून आत ठेवला आणि दहा मिनिटांनी बाहेर काढून अप्पांना लावला. अप्पांनी आपलं नाव, गोत्र, गाव तीनदा सांगितलं. बाबांनी फिरवलं होतं तसं बकुळने काडीवर बोट फिरवलं.

अप्पांची बुबुळं डावीकडून उजवीकडे गेली. "अगं, हे तर आपल्या वहीतलं. माझ्याच अक्षरातलं," ते म्हणाले. मग थांबले. "हे एक नाव सोडून. हे कुणी लिहिलं?"

"मी," बकुळ म्हणाली. "सहा वर्षांची असताना. नवीन नवीन लिहायला आलं होतं आणि आजोबांच्या नावाखाली जागा रिकामी होती. बाळाजीपंत आपलं मांजर होतं, अप्पा; तुम्ही नुसतं मांजर म्हणायचात, हे नाव माझं. तुमच्या मांडीवर झोपायचं, म्हणून तुमच्या शेजारी लिहिलं."

खोलीतून हसण्याची लाट दारापर्यंत गेली, तिथून गल्लीत उतरली, आणि "मिशा, भरघोस" असं म्हणत लोक भिंतींवर हात आपटू लागले.

बकुळ खोलीतल्या एका पाटावर चढली. वादविवादातला आवाज तिने पुन्हा काढला. "नाव तुम्हीच सांगता. चष्मा ते ऐकतो, यांच्या खिशातला फोन वह्यांच्या फोटोंमधून शोधतो आणि काचेवर वहीतली अक्षरं उमटतात. चष्मा वाईट नाही. रस्ता दाखवतो, परकी भाषा समजावतो, मला तर अजूनही हवाय. पण त्यात जे भरलंय तेवढंच तो दाखवतो. मांजर भरलं तर मांजर. म्हणून कुणी तुम्हाला न दिसणारं काही दाखवू लागला, तर पाया पडण्याआधी एवढंच विचारा, हे तुम्हाला कुणी सांगितलं? आणि डोळ्यांचं विचारायचं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरला विचारा."

दाराकडे जाताना आत्याने बकुळचा हात घट्ट धरला होता. सांडापाशी आल्यावर म्हणाली, "गुरुवारी किती वाजता निघायचं?"

दोन्ही डोळ्यांची पट्टी निघून पंधरवडा झाल्यावर आत्याने वही मागवली. खिडकीशी बसून, उरलेल्या नजरेने, बोट ठेवत ठेवत, ती दिनानाथांच्या नावापर्यंत आली. अप्पा खोडरबर घेऊन तयार होते.

"राहू दे," आत्या म्हणाली. तिने वही डोळ्यांच्या आणखी जवळ नेली. "पण बकुळ, बाळाजीतला 'ळ' किती वाकडा काढलायस गं."