नाक की बेंबी

प्रेत कुणाचं हे ठाऊक नव्हतं, आणि मारलं कुणी तेही नाही. अशा वेळी ज्यांचं गाव जवळ, तिथल्या वडीलधाऱ्यांनी जू न पाहिलेल्या कालवडीची मान ओढ्याकाठी मोडायची, तिच्यावर हात धुवायचे आणि ‘हे रक्त आमच्या हातांनी सांडलं नाही’ असं म्हणायचं, हा इस्राएलाचा नेम. नेम सगळ्यांना मान्य होता. कालवड तेवढी दुसऱ्याची हवी होती.

मनश्शे वंशाच्या गावात तशी कालवड एकच, इग्दालची. ती गेली तर यंदा नांगर त्याच्या लेकांनी ओढायचा. म्हणून अंतर मोजायची दोरी त्याने स्वतःच्याच हातात ठेवली. प्रेत दोन गावांच्या ऐन मध्यावर आडवं. डोकं भाऊबंद एफ्राईम वंशाच्या गावाकडे, पाय मनश्शेकडे.

"नाकापासून मोजा," इग्दाल म्हणाला. "जीव नाकातून जातो."

"बेंबीपासून," एफ्राईमचा म्हातारा बेखेर म्हणाला. "माणूस सुरूच तिथून होतो."

"तुझ्यासारखा पोटभरू संपतोही तिथेच!"

दोन्हीकडचे हसले. लेवी पुजाऱ्याने नाकावरचा पदर घट्ट केला. "आटपा, बाबांनो. माशांनी कधीच ठरवलंय."

बेखेर मिशीत हसला. "अरे इग्दाल, तुमचा मनश्शे थोरला. तरी याकोब आजोबांनी थोरल्याच्या आशीर्वादाचा उजवा हात ठेवला तो आमच्या धाकट्याच्या डोक्यावर. तेव्हापासून तुम्ही बसलाय मोजत."

हे मनश्शेच्या माणसाला बापाची शिवी दिल्यासारखं लागतं. प्रेत एफ्राईमकडे सरकवायला त्यांच्यातल्या कुणीतरी केस धरले, उलट ओढायला समोरच्यांनी पाय. ओढाओढीत केसांचा झुपका मुळासकट हातात आला. बेखेर वाकून बेंबीवर बोट रोवून बसला, आणि मोजणीची खुंटी ठोकायच्या मोगरीने इग्दालने त्याच्या टाळूवर घाव घातला. पहिला रागाचा होता. दुसरा त्याने बेतून घातला. डोकं वाळक्या भोपळ्यासारखं फुटलं आणि म्हातारा त्या अनोळखी पोटावरच पालथा पडला.

बेखेरचा मुलगा तहथ विळा आणायला वळला. लेवी इग्दालच्या कानाला लागला, "पळ शखेमला. चुकून मारणाऱ्याला तिथे आसरा मिळतो. सांग, मोगरीचं डोकं दांड्यातून निसटून लागलं."

इग्दालने मोगरीकडे पाहिलं. जैतुनाच्या एकाच बुंध्यातून कोरलेली. वेगळा दांडा कशाला, म्हणून त्यानेच तशी करून घेतलेली.

तो चढावर धावला. खडकाशी थांबून, डोकं दांड्यापासून तुटावं म्हणून मोगरी आपटू लागला. हाताची सालं निघाली, रक्ताने मूठ निसटायला लागली. मागून तहथ आला, विळा घेऊन, सावकाश.

"मोड, काका, मोड," तो म्हणाला. "तुटली तर सोडतो."

इग्दालने सगळा जीव एकवटून मोगरी हाणली. खडकाचा कपचा उडाला. तहथने मागून त्याचे केस धरले आणि मान वर केली.