घड्याळजींच्या नावाची डबी

मी एक जुना जिवाणू आहे. जुना म्हणजे किती, ते विचारू नका. मी सारखा एकाचे दोन होतो, त्यामुळे माझं वय माझं मलाच ठाऊक नाही!

मित्रांनो, माझा जन्म एका घड्याळजींच्या बायकोच्या मोठ्या आतड्यात झाला. काकू पालेभाज्या भरपूर खायच्या. त्यातला न पचलेला चोथा आला की आमची चंगळ! त्या बदल्यात आम्ही आतड्याचं अस्तर धडधाकट ठेवायचो. कौतुक मात्र कुणी केलं असेल तर शपथ! 'जंतू' म्हणून सगळ्यांनी नाकंच मुरडली.

पुढे घड्याळजींचा उजवा हात थरथरू लागला. चिमट्यातले बारीक स्क्रू निसटू लागले, दुकान अर्धा दिवस बंद राहू लागलं. थरथरण्याच्या या आजाराची, कंपवाताची, सुरुवात पोटात होते का, हे एक संशोधक बाई शोधत होत्या. एकाच घरात जेवणाऱ्या या दोघांचे जिवाणू वेगळे आहेत का, हे पाहायला त्यांनी शौचाच्या नमुन्यासाठी दोन डब्या दिल्या. आणि एका सकाळी मी काकूंच्या पोटातून थेट घड्याळजींच्या नावाच्या डबीत!

पंधरा दिवसांनी बाईंनी दोघांना बोलावलं. मी टेबलावरच होतो.

"तुमचे दोघांचे नमुने अगदी हुबेहूब कसे हो?"

काकूंनी मान खाली घातली. "यांना चार दिवस झालीच नव्हती. तुम्ही तर सोमवारी हवं म्हणालात. मग मीच भरल्या दोन्ही."

"अगं, काय हे!" घड्याळजींनी कपाळावर हात मारला.

बाई हसल्या नाहीत. "चार दिवस? हा त्रास कधीपासून?"

"वीसेक वर्षं झाली असतील," घड्याळजी म्हणाले. "असलं काय सांगायचं चारचौघांत?"

"आणि हात?"

"तो आत्ता, तीन वर्षांपूर्वी."

बाई ताडकन उभ्या राहिल्या. "म्हणजे पोट आधी! पुष्कळांचं असंच निघतंय. ते कारण आहे की नुसती आगाऊ सूचना, हेच तर अजून कळत नाही. काका, मला तुमचीच डबी हवी. लागू दे आठवडा!"

मी तर आनंदानं नाचायचाच बाकी होतो! आम्हा क्षुद्रांची एवढी विचारपूस!

नवव्या दिवशी घड्याळजी स्वतः डबी घेऊन आले. वरचं नाव त्यांनीच लिहिलं होतं, एकेक अक्षर थरथरलेलं.

"जन्मभर लोकांच्या घड्याळांना कान लावला," ते म्हणाले, "स्वतःच्या पोटाचं ऐकलं नाही. लिहून घ्या सगळं. माझा हात नाही, तर दुसऱ्या कुणाचा तरी वाचेल."

काकूंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बाईंनी माझ्या डबीवरचं खोटं नाव खोडलं आणि ती नवी डबी माझ्या शेजारी ठेवली.

मित्रांनो, ताटातली पालेभाजी टाकू नका, त्यावर आम्ही जगतो. आणि पोटाची तक्रार असेल तर लाजू नका, घरात सांगा. आम्हाला बोलता येत नाही, तुम्हाला येतं.