वॅडेलच्या नावाची भोकं

जुन्या खेळाडूची जर्सी कधी धुवायची नसते. काखेतला पिवळा डाग, कुणाच्या नखाने ओढलेला धागा, सगळं जसंच्या तसं हवं. धुतलीत की मातीमोल. व्हर्नीता वॅडेलचं निम्मं आयुष्य असल्या घामट कापडांना टाके घालण्यात गेलं होतं. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात बास्केटबॉलचं वेड कुणाच्या डोक्यात शिरेल, सांगता येत नाही. दातांचे डॉक्टर, ट्रॅक्टर विकणारे, एक तर चांगला पाद्री, पन्नास वर्षांपूर्वीच्या बनियनला जावयासारखं जपायचे. व्हर्नीताला त्यांचं हसू यायचं, पण तिचं पोटही त्यांच्यावरच चालायचं.

त्या आठवड्यात ड्वाइट प्रूएट हा जुन्या वस्तूंचा व्यापारी तिच्या घरी रेड कॅनफील्डची जर्सी टाकून गेला. कॅनफील्ड म्हणजे स्टोकर्स संघाचा देव. संघ कधीच बुडाला, देव मात्र शाबूत.

"पाठीवरच्या नावाच्या पट्टीचं टोक सुटलंय," ड्वाइट म्हणाला. "शनिवारी लिलाव आहे. दोन टाके घाल. आणि कॉफीचा कप लांब ठेव, बाई, पाया पडतो."

तिने पट्टी उसवली आणि कापड दिव्यापुढे धरलं. खाली भोकं होती, सुईची. स्टोकर्स हा भिकारडा संघ होता. एखाद्याला हाकललं की त्याच्या अंगातली जर्सी काढून घ्यायचे, नावाची अक्षरं उसवायचे आणि पुढच्याच्या पाठीवर त्याचं नाव चढवायचे. हे तिने पूर्वीही पाहिलं होतं. म्हणून सहजच भोकांवरून बोट फिरवलं. डब्ल्यू. ए. दोन डी. पुढचं वाचायची गरजच राहिली नाही.

स्वयंपाकघरात तिचे वडील, हार्वी वॅडेल, ताकात मक्याचा पाव कुस्करून खात होते. जन्मभर त्यांनी बेकरीची गाडी हाकली. तरुणपणी एक हिवाळा आपण स्टोकर्सकडे होतो, असं ते सांगायचे. मैदानात मिनिटभरही उतरले नव्हते, म्हणून कुठल्याच पुस्तकात नाव नाही. न्हाव्याच्या दुकानात लोक त्यांना "या, चँपियन!" म्हणून खुर्ची द्यायचे आणि मागे दात काढायचे. आई तर तोंडावर थापाड्या म्हणायची. आणि व्हर्नीता? तिचा सासरा शाळेचा मुख्याध्यापक, मोठा तालेवार माणूस. लग्नाच्या दिवशी तिने वडिलांना चर्चच्या मागच्या खोलीत गाठलं होतं. "डॅडी, आज ती स्टोकर्सची थाप नको. माझी शोभा होते. तोंड बंद ठेवा." त्यांनी ठेवलं. त्या दिवसापासून स्टोकर्सचं नाव त्यांच्या तोंडून पुन्हा निघालं नाही. नवरा गेला, सासरा गेला, ती माहेरी परत आली, तरी नाही.

तिने ड्वाइटला फोन लावला आणि पट्टीखालचं वॅडेल हे नाव सांगितलं.

"अगं, पण मी लिलावाच्या यादीत छापून बसलोय ना, ही जर्सी कॅनफील्डशिवाय कुणाच्या अंगाला लागली नाही म्हणून!" तो ओरडला. "वाफ दे. कापड सैल पडतं, भोकं बुजतात."

"ते माझे वडील आहेत, ड्वाइट. शनिवारी सगळ्यांपुढे एकदा सांग. एवढंच."

"कोण वॅडेल? बेकरीवाला? तुझ्या बेकरीवाल्यासाठी मी धंदा बुडवू होय?"

तिने फोन आपटला. ठरलं! आता ती स्वतःच सांगणार. न्हाव्याच्या दुकानात, चर्चमध्ये, लिलावात उभी राहून. जर्सी घेऊन ती स्वयंपाकघरात धावली, वडिलांचं बोट धरून त्या भोकांवर ठेवलं.

"डॅडी, हे बघा! तुमचं नाव!"

हार्वींचं बोट शेवटच्या अक्षरापर्यंत गेलं आणि थांबलं. ते हसतील, रडतील, तिला जवळ घेतील, असं तिला वाटत होतं.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "माझ्याच अंगातून काढली होती ती. बाहेर बर्फ पडत होता."

"मी सांगते सगळ्यांना! एकेकाला तोंडघशी पाडते की नाही बघा."

"कुणाला? हसणारे सगळे स्मशानात गेले. तुझी आईसुद्धा." त्यांनी पेला बाजूला सारला. "एक तूच उरलीस. आणि पोरी, तुला पुरावा लागेल, असं मला कधी वाटलं नव्हतं."

"चुकले मी, डॅडी. खरंच चुकले. आता तरी सांगू द्या."

"नाही. वाफ दे तिला." त्यांचा आवाज चढलाही नाही. "आणि तोंड बंद ठेव. कळू दे तुलाही."

तिने विनवलं, रडली, शेवटी चिडून भांडलीही. म्हातारा हलला नाही. संध्याकाळी इस्त्रीच्या वाफेखाली एकेक अक्षर बुजत गेलं, आणि शेवटचं अक्षर जाईपर्यंत हार्वी दारात उभे होते. मग तिने पट्टी जागच्या जागी शिवली.

शनिवारी शाळेच्या जिममध्ये गर्दी मावत नव्हती. हार्वी कधी नव्हे ते टाय लावून आले आणि पहिल्या रांगेत बसले. ड्वाइटने जर्सी उंच धरली तशी माणसं माना उंच करून बघू लागली. एका लठ्ठ गिऱ्हाईकाने पट्टीवरचे ताजे टाके पाहिले आणि व्हर्नीताकडे वळला.

"बाई, ही तुम्हीच शिवलीत ना? मग खरं सांगा. कॅनफील्डच्या आधी दुसऱ्या कुणाची नव्हती ना?"

ड्वाइटची पाचावर धारण बसली. व्हर्नीताने वडिलांकडे पाहिलं. काठीवर दोन्ही हात ठेवून ते तिच्याकडे बघत होते. नुसती मान हलवली असती तरी तिने सगळं ओकून टाकलं असतं. त्यांनी मान हलवली नाही.

"नाही," ती म्हणाली. "कुणाची नव्हती."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हार्वींनीही वाजवल्या.

परत निघताना दोघं गाडीत बसली. किल्ली तिच्या हातातच होती.

"घसा कोरडा पडला ना?" हार्वींनी विचारलं.

तिने मान डोलावली.

"तुझ्या लग्नात मलाही असंच झालं होतं," ते म्हणाले आणि सीटचा पट्टा ओढून लावला. "चल आता. भूक लागलीय."